देशोदेशीचे सूर : मिगेलची बोटं



आज सुरुवातीलाच माझी एक फजिती सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा!

डिसेंबरात माझ्या भाच्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. विषय होता ‘जगाची सफर’. प्रत्येक वर्गाला एकेक देश वाटून दिलेला. सातवीच्या वाट्याला आला मेक्सिको. झालं! भाचा धावत माझ्याकडे. “मामा, मेक्सिकन नाच बसवायचाय. मदत कर ना!”

मामा म्हणजे काय, सगळ्यातलं सगळं कळणारा माणूस! मी लगेच पुठ्ठ्याच्या रुंद काठाच्या टोप्या कापल्या, काळ्या क्रेप कागदाच्या झुपकेदार मिश्या केल्या, खांद्यावर टाकायला रंगीत चादरी दिल्या आणि मोबाइलवरून एक झोकदार, ट्रम्पेटवाली धून शोधून काढली. मुलं मनापासून नाचली. टाळ्याही पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर भाच्याच्या गिटारच्या बाई भेटल्या. हसून म्हणाल्या, “नाच छान झाला हं! फक्त ती धून स्पेनमधली आहे. बैलझुंजीच्या वेळी वाजवतात ती. मेक्सिको आणि स्पेन यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक महासागर आहे!”

मी कसंबसं हसून वेळ मारून नेली. पण भाचा घरी येईपर्यंत गप्प. जिन्यात म्हणाला, “मामा, म्हणजे आपण सगळ्यांना खोटंच सांगितलं ना?”

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून एक चित्रपट पाहिला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलाही असेल. त्याचं नाव ‘कोको’. पिक्सार या अमेरिकन कंपनीनं बनवलेला हा ॲनिमेशनपट २०१७ साली आला. दिग्दर्शक ली अंक्रिच आणि सहदिग्दर्शक एड्रियन मोलिना. गोष्ट आहे मेक्सिकोतल्या मिगेल नावाच्या बारा वर्षांच्या मुलाची. त्याचं घराणं चपला-बूट शिवणारं. घरात संगीताला सक्त बंदी. आणि मिगेलला तर गिटारशिवाय काही सुचत नाही!

गंमत म्हणजे, हा चित्रपट पहिल्या दृश्याच्याही आधीच बोलायला लागतो. डिस्नेच्या चित्रपटांच्या सुरुवातीला तो राजवाडा दिसतो ना, आणि त्यामागे एक ओळखीची संथ धून वाजते? ‘कोको’त तीच धून मारियाची वाद्यवृंदाच्या थाटात वाजते. व्हायोलिनं, ट्रम्पेट आणि गिटारं! जणू दारातच कुणी म्हणावं, “या, आज आमच्या घरी आलात!”

पण हे सगळं आपोआप जमलं का? छे! त्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. त्या ऐका.

पहिली गोष्ट जुनी आहे, १९४४ सालची. डिस्नेचाच ‘द थ्री कॅबलेरोस’ हा चित्रपट. त्यात आपला डोनाल्ड डक, ब्राझीलचा एक पोपट आणि मेक्सिकोचा पांचितो नावाचा एक कोंबडा असे तीन दोस्त आहेत. कोंबड्याच्या डोक्यावर भली मोठी टोपी आणि दोन्ही हातांत पिस्तुलं. आला की धाड्‌धाड् बार काढणार! आता हे चित्र पाहून कुणालाही वाटेल, की मेक्सिकोचा माणूस म्हणजे टोपी, पिस्तुल आणि आरडाओरडा. (माझ्या पुठ्ठ्याच्या टोप्या आठवल्या ना? मलाही आठवल्या.)

पण त्या चित्रपटावर अन्याय नको करायला. त्यात मेक्सिकोच्या कलावंतांनी खरोखर गायलं-नाचलं होतं. तिघा दोस्तांच्या गाण्याची चाल मान्वेल एस्पेरोन या मेक्सिकन संगीतकाराची होती. १९४१ सालच्या एका मेक्सिकन चित्रपटातलं ते हालिस्को प्रांताच्या अभिमानाचं गाणं. डिस्नेवाल्यांनी चाल तीच ठेवली आणि शब्द मात्र इंग्रजीत नवे बसवले. म्हणजे सूर मेक्सिकोचा, पण हालिस्को प्रांत गाण्यातून गायब! अर्धं खरं आणि अर्धं नाटकी, असा तो मामला होता.

दुसरी गोष्ट २०१३ सालची. मेक्सिकोत दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला ‘दिया दे म्वेर्तोस’ म्हणजे मृतांचा दिवस पाळतात. नाव ऐकून घाबरू नका! हा रडण्याचा दिवस नाही. घरातून गेलेली माणसं त्या रात्री भेटायला येतात, अशी श्रद्धा. म्हणून त्यांचे फोटो मांडायचे, आवडीचे पदार्थ ठेवायचे, झेंडूच्या पाकळ्यांनी वाट दाखवायची. हो, झेंडूच! आपण दसऱ्याला ज्याची तोरणं बांधतो, ते फूल मूळचं मेक्सिकोकडचंच आहे बरं का!

तर डिस्नेनं काय केलं? ‘कोको’ची तयारी चालू असताना अमेरिकेत या सणाच्या नावाचाच ट्रेडमार्क मागितला. ट्रेडमार्क म्हणजे काय? तर अमुक वस्तूंवर हे नाव फक्त आम्हीच छापणार, असा हक्क. आता तुम्हीच सांगा, उद्या एखादी कंपनी ‘दिवाळी’ हे नाव आमचं असं म्हणाली तर? तसाच गहजब झाला. हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. लालो अल्काराझ या व्यंगचित्रकारानं तर मिकी माऊसचा प्रचंड सांगाडा शहरावर चालून येतोय, असं चित्र काढलं. शेवटी कंपनीनं अर्ज मागे घेतला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चूक झाल्यावर माणूस दोन गोष्टी करू शकतो. तोंड लपवू शकतो, नाहीतर ज्यानं चूक दाखवली त्यालाच विचारू शकतो, “मग बरोबर काय ते सांग.” पिक्सारवाल्यांनी दुसरी वाट धरली. त्याच अल्काराझना त्यांनी सल्लागार म्हणून बोलावलं. त्यांच्याबरोबर नाटककार ऑक्टाव्हियो सोलिस आणि इतरही मंडळी आली. ही माणसं तयार होत असलेला चित्रपट पाहायची आणि कुठं चुकतंय ते तोंडावर सांगायची.

संगीताचंही तसंच. पार्श्वसंगीत मायकेल जियाकिनो यांचं. पण त्यांच्या सोबतीला जर्मेन फ्रँको होत्या. त्या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन संगीतकार. मोलिना यांच्याबरोबर त्यांनी चित्रपटातली काही गाणीही रचली. मेक्सिकोचे संगीतकार कामिलो लारा सल्लागार होते. आणि वादक? त्यासाठी ही मंडळी मेक्सिकोत गेली आणि तिथल्याच वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं.

आता तुम्ही म्हणाल, “एवढा खटाटोप कशाला? मेक्सिकन संगीत म्हणजे मेक्सिकन संगीत!” अहो, इथंच तर माझी फजिती झाली. मेक्सिकन संगीत असं एकच एक नसतंच. प्रत्येक प्रांताचं वेगळं. चला, त्यातली चार नीट ऐकू या.

पहिलं मारियाची. हालिस्को आणि त्याच्या आसपासच्या भागातलं. चांदीची बटणं लावलेला घट्ट पोशाख, रुंद टोपी, व्हायोलिनं, ट्रम्पेट, गिटार. पण मारियाचीचा कणा असतात दोन वाद्यं. एक विउएला. पाच तारांची, छोटी, आणि पाठीला कुबड असलेली! ती झणझण ताल धरते. दुसरं गितारोन. हे नाव म्हणजेच ‘मोठं गिटार’. पोटाशी धरलेला जणू लाकडी भोपळाच! वादक त्याच्या दोन तारा एकदम ओढतो, एक खालच्या सप्तकातली आणि एक वरच्या. त्यामुळे त्याचा घुमारा माइक नसतानाही अख्ख्या चौकात ऐकू जातो. ट्रम्पेट मात्र पूर्वी नसायचे. ते विसाव्या शतकात, रेडिओ आणि चित्रपटांच्या दिवसांत आले. म्हणजे परंपरासुद्धा बदलते, बरं का! २०११ साली युनेस्कोनं मारियाचीला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

दुसरं सोन हारोचो. हे वेराक्रूसचं, म्हणजे समुद्रकाठचं. इथं ट्रम्पेट नाही. इथं वीणेसारखं उभं हार्प, हाराना नावाचं लहानसं झणझणीत तंतुवाद्य, आणि कधी कधी चक्क गाढवाचा जबडा! हो, खराखुरा, वाळवलेला. त्यावर हाताचा ठोसा मारला की सैल झालेले दात खुळखुळतात. या जबड्याला किहादा म्हणतात. स्पेनमधून आलेले लोक, गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन लोक आणि तिथले मूळ रहिवासी या तिघांच्या मिसळीतून हे संगीत झालं. तुम्ही ‘ला बांबा’ हे गाणं ऐकलं असेल. ते मूळचं इथलंच.

आणि यातलं सगळ्यात मोठं वाद्य कोणतं, सांगा पाहू? नाचणाऱ्याचे पाय! मधोमध एक लाकडी फळीचा चौथरा ठेवतात. त्याला तारिमा म्हणतात. बूट घालून त्यावर ठेका धरायचा, तोच ढोल. या नाचाचं नाव सापातेआदो. स्पॅनिशमध्ये ‘सापातो’ म्हणजे बूट! आता ‘कोको’ आठवा. मिगेलच्या घरात बूट शिवतात आणि संगीताला बंदी आहे. पण मृतांच्या नगरीत तो एक्तोरबरोबर रंगमंचावर गातो, ते गाणं सोन हारोचोच्या ढंगाचं आहे. आणि त्यात मिगेल बुटांनी ठेका धरतो! ज्या घरात गाणं बंद, त्या घरचे बूटच गाणं वाजवतात. हे मला दुसऱ्यांदा पाहताना कळलं आणि मी टाळीच दिली.

तिसरं उआपांगो. उआस्तेका या भागातलं. तिघंच वादक, एक व्हायोलिन आणि दोन गिटारीच्या जातीची वाद्यं. गाणारा मध्येच आवाज टुणकन वर उडवतो, बारीक, पातळ, आणि पुन्हा खाली येतो.

चौथं बांदा. हे सिनालोआ प्रांताच्या बाजूचं. नावाप्रमाणे हा बँडच. पितळी वाद्यं, अजस्र ट्युबा आणि मोठा ढोल. चित्रपटाच्या संगीतात याचाही रंग आहे.

या चारांशिवाय एक आरोळी असते. तिला ग्रितो म्हणतात. गाणं रंगात आलं की गाणारा किंवा ऐकणारा मनापासून जी लांब हाक मारतो, ती. मिगेल रंगमंचावर जायला घाबरतो तेव्हा एक्तोर त्याला आधी ग्रितो मारायला सांगतो. पहिल्यांदा मिगेलची आरोळी कशी केविलवाणी निघते, आठवतंय ना?

आता एक प्रयोग करा. मोठ्यांदा एक ते सहा आकडे म्हणत राहा. पहिल्या वेळी टाळी एकवर आणि चारवर द्या. एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. दुसऱ्या वेळी टाळी एक, तीन आणि पाचवर द्या. एक-दोन, तीन-चार, पाच-सहा. आकडे तेवढेच, वेग तोच, पण चाल बदलली की नाही? आता एकदा पहिलं आणि एकदा दुसरं, असं न थांबता म्हणा. जीभ अडखळली? हात चुकला? अहो, सोन जातीच्या पुष्कळ गाण्यांचा जीव या गमतीतच आहे. म्हणून ती ऐकताना पाय स्वस्थ बसत नाहीत.

आता येऊ या आमच्या रविवारकडे. चित्रपटात मिगेल माळ्यावरच्या आपल्या लपायच्या जागी, जुन्या टीव्हीवर आवडत्या गायकाला पाहत, स्वतः जोडलेली गिटार वाजवतो. तिथं भाच्यानं एकदम रिमोट दाबला. चित्र थांबलं.

“मामा, बोटं बघ!”

“काय झालं बोटांना?”

“बरोबर आहेत! आवाज येतोय तेच वाजवतोय तो!”

तुमच्यापैकी जे गिटार शिकतात त्यांना हे लगेच कळेल. डाव्या हातानं तार नेमक्या पट्टीवर दाबायची, उजव्यानं छेडायची. बोट एक घर सरकलं की सूर बदलला. पण व्यंगपटांत बहुतेक वेळा पात्र गिटारीवरून नुसता हात फिरवतं आणि आवाज भलताच येतो. कारण सोपं आहे. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रं. प्रत्येक चित्रात दहा बोटं नेमकी बसवायची म्हणजे केवढं काम! कोण पाहतंय, असं म्हणून सोडून देतात.

‘कोको’वाल्यांनी सोडलं नाही. त्यांनी आधी खऱ्या वादकांकडून गाणं वाजवून घेतलं, गिटारीवर छोटे कॅमेरे बसवून त्यांच्या बोटांचं चित्रण केलं, आणि ते पाहत पाहत मिगेलची बोटं हलवली. ज्याला गिटार येत नाही, त्याला हे कधीच कळणार नाही. पण मेक्सिकोतल्या एखाद्या गावात गिटार वाजवणारा मुलगा हे पाहील, तेव्हा त्याला काय वाटेल? त्याला वाटेल, यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

त्या चित्रपटात एक पांढरी गिटार आहे, डोक्यावर कवटी असलेली. तीही नुसती कल्पनेतली नाही. मिचोआकान राज्यातून आलेले आणि लॉस एंजेलिसमध्ये काम करणारे जर्मान वास्केझ रुबियो या कारागिरांनी ती खरोखर घडवली. मिचोआकानमध्ये पाराचो नावाचं गाव आहे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या गिटारी बनतात. चित्रपट आल्यावर त्या गावाकडे पांढऱ्या गिटारींची मागणी सुरू झाली आणि तिथल्या कारागिरांना भरपूर काम मिळालं. खरं दाखवलं की त्याचा असाही फायदा होतो.

आणखी एक जागा सांगतो. मिगेलची खापरपणजी इमेल्डा पळता पळता अचानक भर रंगमंचावर येते, दिव्याचा झोत तिच्यावर पडतो, आणि तिला गावंच लागतं. ती गाते ते ‘ला योरोना’, म्हणजे ‘रडणारी’. हे चित्रपटासाठी लिहिलेलं गाणं नाही. ओआहाकाच्या बाजूचं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं लोकगीत आहे. त्याची कडवी शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येक गायक आपल्याला हवी ती निवडतो. इंग्रजी चित्रपटातही ते स्पॅनिशमध्येच ठेवलं आहे. १९४४ साली शब्द बदलले होते, आठवतं ना? या वेळी बदलले नाहीत.

मग ‘कोको’त सगळं शंभर टक्के खरं आहे का? तसंही नाही, मित्रांनो. सगळ्यांत गाजलेलं, आठवणीत ठेव असं सांगणारं ते गाणं अमेरिकेच्या क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या जोडीनं लिहिलंय. ‘फ्रोजन’ची गाणी लिहिणारे तेच हे. मूळ चित्रपटात मुख्य गाणी बरीचशी इंग्रजीत आहेत. मिगेलचं गाव सांता सेसिलियाही कल्पनेतलं. (पण नाव विचार करून ठेवलंय. संत सेसिलिया ही संगीतकारांची संत, आणि तिचा दिवस २२ नोव्हेंबर. अमेरिकेत चित्रपट लागला तो याच तारखेला!) २०१८ साली त्या गाण्याला आणि चित्रपटालाही ऑस्कर मिळालं. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. ‘कोको’ आधी मेक्सिकोत दाखवला आणि मग अमेरिकेत. मेक्सिकोच्या लोकांनी त्याला इतकी गर्दी केली, की त्या वेळपर्यंत तिथं सगळ्यात जास्त कमाई केलेला चित्रपट तो ठरला. ज्यांची गोष्ट, त्यांनीच “हो, हे आमचं” म्हटलं.

चित्रपट संपला तेव्हा आम्ही दोघं डोळे पुसत होतो. (मामानं जास्त पुसले, पण ते कुणाला सांगू नका.) जरा वेळानं भाचा म्हणाला, “मामा, ते गाणं वेगवेगळ्या तऱ्हांनी येतं ना? एकदा तो मोठा गायक दिवे, नाच, थाटमाट करून गातो. आणि एकदा बाबा आपल्या छोट्या मुलीसाठी हळू गातात. चाल तीच आहे. पण खरं दुसरंच वाटतं.”

मी म्हटलं, “मग? आपल्या नाचाचं काय करायचं?”

त्याच्या वर्गाला तो नाच २६ जानेवारीला पुन्हा करायचा होता. पोरांनी बाईंना गाठलं. टोप्या आणि मिश्या माळ्यावर गेल्या. कुणाच्या तरी घरचा प्लायवूडचा एक तुकडा आला, त्याखाली विटा लावल्या, आणि शाळेचे बूट घालून पोरांनी एक ते सहाचा ठेका बसवला. गाणंही वेराक्रूसचंच निवडलं. सांगायला हरकत नाही, ठेका दोनदा चुकला आणि एकाचा बूट निघून पहिल्या रांगेत गेला! टाळ्या डिसेंबरपेक्षा कमीच पडल्या.

पण नाच सुरू होण्याआधी भाच्यानं माइकवर सांगितलं, “हा मेक्सिकोच्या वेराक्रूस राज्यातला सापातेआदो. आम्ही तो नुकताच शिकायला लागलोय. चुकलं तर ती चूक आमची, त्यांची नाही.”

खाली उतरल्यावर मला विचारलं, “मामा, आता खोटं नाही ना?”

नाही रे बाबा, अजिबात नाही.

तर मित्रांनो, या रविवारी ‘कोको’ पाहा. पाहिला असेल तर पुन्हा पाहा, आणि आई-बाबांनाही बसवा. या वेळी डोळे मिगेलच्या डाव्या हातावर ठेवा आणि कान गितारोनच्या घुमाऱ्यावर. गाढवाचा जबडा कुठं ऐकू आला तर मला जरूर कळवा. आणि हो, चित्रपट संपला की आजी किंवा पणजी घरात असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा. तिला लहानपणी कुणी कोणतं गाणं म्हणायचं, ते विचारा. म्हणेल ती. तुम्ही फक्त मध्ये बोलू नका.

पुढच्या भेटीपर्यंत, अच्छा!